दिवाणखान्यातील सारथी

तंजावरहून तिरुवैयारूला जाणारा रस्ता जेमतेम बारा-तेरा किलोमीटरांचा आहे. परंतु एवढ्याशा अंतरात तो पाच नद्या ओलांडतो. वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि शेवटी साक्षात कावेरी. दोन्ही बाजूंना कालवे, भाताची खाचरे आणि केळीच्या बागा. रस्ता अरुंद, वळणे पुष्कळ, आणि पूल आला की तो अधिकच अरुंद होतो. या रस्त्यापासून थोड्या आत असलेल्या एका खेड्यात माझी मावसबहीण नांदते. तिचे सासर तंजावरच्या जुन्या मराठी कुटुंबांपैकी. व्यंकोजीराजांनी तेथे गादी स्थापिली ती सतराव्या शतकात. १८५५ साली ते राज्य संपुष्टात आले. पण घरातील मराठी अद्याप संपलेली नाही. तामिळच्या शेजारात ती आपल्या मराठीहून निराळी झाली आहे एवढेच.

यंदा पोंगल आटोपल्यावर मी तिच्याकडे गेलो, तेव्हा तिने माझ्यापुढे एक प्रश्न ठेवला. ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही सरकारी माणूस. निवाडा तुम्हीच करा. हा मुलगा मोटारीची किल्ली मागतो आहे. म्हणतो, मला गाडी येते. कोठे शिकलास म्हणून विचारले, तर दूरचित्रवाणीकडे बोट दाखवतो!"

मुलगा अठरा वर्षांचा. शिकाऊ परवाना नुकताच हाती आलेला. त्याच्या सिंगापूरच्या काकांनी त्याला प्लेस्टेशन नावाचे खेळाचे यंत्र आणि त्याला जोडण्याचे एक स्टिअरिंग चाक दिले आहे. आजोबांच्या जुन्या लाकडी मेजाला ते चाक आवळून बसविलेले, खाली पायांशी ब्रेकचे आणि वेगाचे पायटे, समोर पडदा. या थाटात तो रोज दोन तास जपान-जर्मनीतील शर्यतींच्या मार्गांवरून मोटार पळवितो. प्रश्न असा, की या मुलाला मोटार येते की येत नाही? बहिणीने तो थट्टेने विचारला असेल. पण किल्ली कोणाच्या हाती द्यावी हा प्रश्न थट्टेचा नाही. म्हणून त्याचा थोडा खोलात जाऊन विचार करावा असे मला वाटले.

प्रथम हे सांगितले पाहिजे, की अशा यंत्राला केवळ खेळणे म्हणून उडवून लावता येत नाही. त्याचे कूळ मोठे आहे. अमेरिकेतील एडविन लिंक हा एका ऑर्गन व पियानो तयार करणाऱ्या कारखानदाराचा मुलगा. त्याला विमान चालविण्याचा नाद होता, पण शिकवणी महाग. तेव्हा वडिलांच्या कारखान्यातील ऑर्गनचे भाते आणि हवेच्या झडपा वापरून त्याने १९२९ साली एक लहानसे बुटके विमान बनविले. ते जमिनीवरच राही, पण दांडा फिरवावा तसे झुकत असे, वळत असे. प्रारंभी लोकांनी त्याला जत्रेतील करमणूक ठरविले. पुढे १९३४ साली अमेरिकेत टपाल वाहून नेण्याचे काम लष्करी वैमानिकांवर आले, आणि धुक्यात व हिमवादळात त्यांतील कित्येक प्राणांस मुकले. तेव्हा कोठे लष्कराला लिंकच्या खेळण्याची आठवण झाली. हुबेहूब नक्कल करून शिकविणाऱ्या यंत्रांना आज सिम्युलेटर म्हणतात, त्या सर्वांचा हा एक थोर पूर्वज.

हीच कल्पना मोटारीच्या रूपाने घराघरांत शिरली ती १९९७ च्या डिसेंबरात. काझुनोरी यामाउची या जपानी गृहस्थाने सुमारे पाच वर्षे खपून 'ग्रॅन तुरिस्मो' हा खेळ तयार केला. तोपर्यंतच्या बहुतेक खेळांत मोटार म्हणजे पडद्यावर सरकणारे एक चित्र असे. यामाउचीच्या मोटारीला वजन होते, टायर होते, आणि त्या टायरांची पकड सुटू शकत असे. गंमत अशी, की या खेळात मोठ्या शर्यतींत उतरण्यापूर्वी परवान्याची परीक्षा द्यावी लागे. आणि तिचे आरंभीचे धडे वेगाचे नसत, तर ठरलेल्या रेषेच्या आत गाडी थांबविण्याचे असत. शासकीय सेवेत आयुष्य घालविलेल्या माणसाला याचे कौतुक वाटल्यावाचून कसे राहील?

आता हे यंत्र शिकविते तरी काय? मोटार एक-दीड टनाची असते, पण भुईला ती टेकते केवळ चार ठिकाणी, आणि त्यातील प्रत्येक जागा साधारण आपल्या तळहाताएवढी असते. गाडी पळणे, थांबणे आणि वळणे ही तिन्ही कामे या चार तळहातांच्या पकडीवर चालतात. ही पकड म्हणजे मर्यादित रकमेचा खजिना आहे. ब्रेकवर सारी रक्कम खर्च केली, तर वळणासाठी काही शिल्लक राहात नाही. म्हणून ऐन वळणात ब्रेक दाबणारा चालक एकच रुपया दोन दुकानांत खर्च करू पाहतो. शहाणा चालक सरळ रस्त्यावर वेग कमी करतो, मग वळतो, आणि गाडी सरळ होऊ लागल्यावर पुन्हा वेग घेतो.

दुसरी गोष्ट वजनाची. तंजावरची राजा-राणीची बाहुली आपण पाहिली असेल. तिचा तळ गोल व जड असतो. कितीही ढकलली तरी झुलून ती पुन्हा उभी राहते, कारण तिचे सारे वजन तळाशी साठविलेले आहे. मोटारीचे वजन तसे तळाशी नसते, थोडे उंचावर असते. ब्रेक दाबला की त्याचा भार पुढच्या चाकांवर येतो आणि मागची चाके हलकी होतात. वळताना तो बाहेरच्या चाकांवर जातो. जी चाके हलकी होतात त्यांची पकड उणावते. पुढची चाके सुटली तर गाडी वळता वळत नाही, सरळच जाऊ पाहते. मागची सुटली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते. भाच्याच्या यंत्रात हा सारा हिशेब अखंड चालू असतो. पडद्यावरील चित्र सेकंदाला साठ वेळा बदलते, आणि स्टिअरिंगमधील मोटर त्या हिशेबाप्रमाणे हाताला ओढ देते. पकड सुटू लागली की चाक एकाएकी हलके लागते. शब्दांनी न सांगता येणारे हे ज्ञान हातांना मिळते.

तिसरा धडा गणिताचा. वेग दुप्पट झाला की थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. चांगल्या कोरड्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लागल्यापासून सुमारे ९ मीटरांत उभी राहते. ८० च्या वेगाला ३६ मीटर लागतात. शिवाय पाय ब्रेकवर पोचेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात २२ मीटर मागे पडलेले असतात. हे आपण शाळेत पाठ केले आणि विसरलो. भाच्याने मात्र ते हजार वेळा चुकून शिकून घेतले आहे.

हे शिक्षण खरे असते याला पुरावाही आहे. निसान आणि सोनी या कंपन्यांनी २००८ साली या खेळातील निष्णात मुलांना खऱ्या शर्यतीच्या मोटारीत बसविण्याची स्पर्धा सुरू केली. तिचा पहिला विजेता लुकास ऑर्डोनेझ हा स्पेनचा विद्यार्थी. २०११ साली फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत त्याचा चमू आपल्या वर्गात दुसरा आला. त्याच वर्षी जॅन मार्डनबरो हा एकोणीस वर्षांचा ब्रिटिश मुलगा ही स्पर्धा जिंकला, आणि २०१३ साली तोही ल माँ येथे आपल्या वर्गात तिसऱ्या क्रमांकाच्या चमूत होता. आपल्या तामिळनाडूतून नारायण कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये गेला, तो खऱ्या मोटारींतून वाढत. त्या वाटेला पैसा आणि पाठबळ किती लागते हे सर्वश्रुत आहे. तेव्हा खेड्यातील मुलाला घरबसल्या ही विद्या मिळत असेल, तर ती लहान गोष्ट नव्हे.

परंतु याच मार्डनबरोच्या आयुष्यात २०१५ साल आले. जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंग हा सुमारे २१ किलोमीटरांचा डोंगराळ मार्ग. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात एका उंचवट्यावर त्याच्या मोटारीचे नाक हवेत उचलले गेले, मोटार कुंपणापलीकडे जाऊन पडली आणि एका प्रेक्षकाचा मृत्यू झाला. यात चालकाला दोष देण्याचा माझा मुळीच हेतू नाही. मला सांगायचे ते इतकेच, की हाच मार्ग खेळातही आहे. पडद्यावर तेथे रोज किती मोटारी उलटत असतील याला गणती नाही. आणि प्रत्येक वेळी एक कळ दाबली की मोटार पुन्हा नवी कोरी होऊन उभी राहते. काही खेळांत तर काळच थोडा मागे फिरविण्याची सोय असते. यंत्र नियम खरे शिकविते, पण नियम मोडल्याची किंमत घेत नाही. त्यात पोटात गोळा येत नाही, मान एका बाजूस ओढली जात नाही, आणि कोणाच्याही घरी निरोप पाठवावा लागत नाही.

भाच्याला मी हे त्याच रात्री सांगितले असते, पण त्याआधी मलाच एक धडा मिळायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिरुवैयारूला निघालो. गाडी मी चालवीत होतो, भाचा शेजारी. ते दिवस सांबा पिकाच्या कापणीचे. या दिवसांत कावेरीच्या खोऱ्यात रस्ता हा केवळ रस्ता राहात नाही. तो खळे होतो. भातातील ओल १७ टक्क्यांहून अधिक असली, तर सरकारी खरेदीच्या नियमात ते बसत नाही. कधी सवलत मिळते, कधी मिळत नाही. चिखलाच्या खाचरांच्या या प्रदेशात कोरडी, कठीण, उन्हाने तापणारी जमीन म्हणजे डांबरी रस्ताच. म्हणून अर्धा रस्ता सोनेरी भाताने झाकलेला असतो. यावर मनाई करणे सोपे आहे. पण शेतकऱ्याने भात वाळवावे कोठे, हे सांगणे तितके सोपे नाही.

एका पुलाकडे वळताना समोर असे भात दिसले आणि मी, पंचवीस वर्षांचा अनुभवी चालक, वळणातच ब्रेक दाबला. गाडीचे तोंड वळले नाही. ती दाण्यांवरून सरळ सरकू लागली. भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, ब्रेक सोडा." मी सोडला. चाकांनी पुन्हा भुई धरली आणि गाडी वळली. सैल दाण्यांनी पकड निम्मी झाली की थांबण्याचे अंतर दुप्पट होते, आणि जे वळण ताशी ७० ने घेता येते ते ५० ने देखील कसेबसे जमते. हे त्याच्या हातांना ठाऊक होते. माझ्या पंचवीस वर्षांना नव्हते.

मी ओशाळलो. पण त्याच क्षणी मला जे दिसले होते ते त्याला दिसले नव्हते. भाताच्या पलीकडे, पुलाच्या कठड्याच्या सावलीत, एक वृद्ध बाई लाकडी फावड्याने दाणे पालथे करीत होती. तिची पाठ आमच्याकडे होती. मी ब्रेक दाबला होता तो तिला पाहून. भाच्याला तिच्याविषयी विचारले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मी रस्त्याकडे पाहात होतो."

श्रोतेहो, त्या एका वाक्यात माझ्या बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. शर्यतीच्या मार्गावर माणसे कुंपणाबाहेर असतात. तेथे रस्ता हा रस्ताच असतो. आमचा रस्ता मात्र खळे आहे, अंगण आहे, गुरांची वाट आहे, शाळेची वाट आहे. २०२२ साली शास्त्रज्ञांनी याच खेळात उत्तम मानवी खेळाडूंना हरविणारा एक संगणकी चालक तयार केल्याचे जाहीर केले. नुसता वेग त्याला शिकविणे पुरेसे नव्हते; दुसऱ्याच्या अंगावर न जाता पुढे कसे जावे, ही शर्यतीची सभ्यता शिकविणे हेही मोठे काम होते, कारण तिचे नियम नेमक्या शब्दांत बांधता येत नाहीत. जे यंत्राच्या बाबतीत खरे, ते अठरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत अधिकच खरे.

संध्याकाळी मी बहिणीला माझा निवाडा सांगितला. मुलाला मोटार येते. रस्ता यायचा आहे. मोटार त्याला दिवाणखान्यात आली, रस्ता दिवाणखान्यात येणार नाही. तेव्हा किल्ली द्यावी, पण कापणी संपेपर्यंत शेजारी मोठे माणूस बसावे, आणि त्या माणसानेही काही शिकण्याची तयारी ठेवावी.

परतीच्या प्रवासात गाडी त्याने चालविली. पुढे-मागे शिकाऊ चालकाचे लाल अक्षर लावलेले होते. सकाळच्या त्या पुलापाशी तो खूप अलीकडेच सावकाश झाला, वळणाआधीच, अगदी शास्त्राप्रमाणे. बाई आता भात गोळा करून पोत्यांत भरीत होती. त्याने गाडी पुरती थांबविली, काच खाली केली आणि तामिळमध्ये तिला काही विचारले. तिने हसून मान हलविली आणि एक पोते बाजूला ओढले. मग आम्ही पूल ओलांडला.