सशाच्या जागी पेशी

लोणावळ्याहून निघालेली लोकल कामशेत, तळेगाव मागे टाकून शिवाजीनगरला येते. तिथून जवळच, पुणे विद्यापीठाच्या आवारात, केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाची राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्था आहे. माणसाच्या आणि प्राण्यांच्या पेशी इथे उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये जपल्या जातात आणि देशभरच्या प्रयोगशाळांना पुरवल्या जातात. एखादे रसायन विषारी आहे का, याची पहिली चाळणी अशा पेशींवर लावता येते. तेवढे उंदीर, ससे वाचतात.

सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करायला भारताने २०१४ मध्ये बंदी घातली. मार्च २०२३ मध्ये औषधांच्या नियमांतही बदल झाला आणि पेशीसंवर्धन, चिपवरचे अवयव (चिपवर पेशी वाढवून केलेली अवयवाची नक्कल), संगणकीय प्रारूपे यांना मान्यता मिळाली. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. मात्र ही मुभा आहे, सक्ती नाही.

अडचणीही खऱ्या आहेत. गिळलेले औषध यकृतात बदलते, मग रक्तातून मेंदूपर्यंत, मूत्रपिंडापर्यंत पोचते. बशीतल्या एकाच जातीच्या पेशींना हा प्रवास कळत नाही. शिवाय पेशी वाढवायला बहुधा गाईच्या गर्भातल्या वासराच्या रक्तातला द्रव वापरतात. त्याविना चालणारी पोषणद्रव्ये आहेत, पण महाग. सरकारी पैसा आधी तिथे लागायला हवा.