पिलाची पावती

पेणच्या कारखान्यात गणपतीची मूर्ती कशी ठरवतात, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. मूर्ती पसंत करायची, इसार द्यायचा, पावती घ्यायची. उंची किती, रंग कोणता, न्यायची केव्हा, हे सारे आधीच ठरते. हा झाला करार. आता समजा, त्याच गावात कुणी कुत्र्याचे पिलू विकत घेतले. पैसे दिले, पिलू टोपलीत घातले, की बहुधा व्यवहार संपला! मूर्तीला पावती आणि जिवंत प्राण्याला काहीच नाही, हे नवलाचे नाही का?

कायद्याला मात्र हा व्यवहार परका नाही. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार माल म्हणजे जंगम मालमत्ता, आणि पाळीव कुत्रे तिच्यातच मोडते. वर्णन करून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. म्हणजे 'लॅब्रडॉर' म्हणून विकलेले पिलू लॅब्रडॉरच हवे. तोंडी करारही करारच असतो. पण बोललेले शब्द सिद्ध कसे करणार? म्हणून कागद हवा. तो मात्र आईवडिलांच्या नावे करा. १८ वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार रद्दबातल ठरतो, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्येच दिला आहे.

पण कागदावर लिहायचे काय? येथे विज्ञान मदतीला येते. एका साच्यातून काढलेल्या मूर्ती सारख्या असतात. पिलांचे तसे नाही. कुत्र्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र आईकडून येते, एक बापाकडून. लॅब्रडॉर कुत्र्यांत डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी करणारा एक आनुवंशिक रोग आढळतो. त्याचे सदोष जनुक एकच असेल, तर कुत्र्याला उत्तम दिसते. आई आणि बाप दोघांकडेही असे एकेक सदोष जनुक असेल, तर प्रत्येक पिलाला दोन्ही सदोष जनुके मिळण्याचा संभव चारात एक असतो. असे पिलू विकताना अगदी टवटवीत दिसते आणि काही वर्षांनी आंधळे होते! सख्ख्या भावंडांची जोडी लावली, तर दोघांकडे तेच सदोष जनुक असण्याचा संभव फार वाढतो. म्हणून वंशावळीचा कागद आणि आईबापांची जनुकीय तपासणी यांना महत्त्व आहे.

१९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारने २०१७ मध्ये कुत्र्यांची पैदास व विक्री यांसाठी नियम केले. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. मादी किमान १८ महिन्यांची हवी आणि तिची आयुष्यात पाचांहून अधिक वेते होता कामा नयेत. आठ आठवड्यांच्या आतले पिलू विकता येत नाही.

आठच आठवडे का? व्याल्यावर आईला प्रथम जे दूध येते, त्या चिकातून पिलाला रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात. पुढे ती हळूहळू कमी होतात. म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून लस द्यायला सुरुवात करतात आणि काही आठवड्यांच्या अंतराने ती पुन्हा देतात. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला पार्व्हो विषाणू या नाजूक काळात लहान पिलांचा घास घेतो. शिवाय आई आणि भावंडे यांच्याशी खेळतानाच पिलू किती जोराने चावावे हे शिकते.

विकले जाणारे पिलू हेच ते पिलू, याची खूण काय? त्यासाठी मायक्रोचिप असते. तांदळाच्या दाण्याएवढी ही काचनळी मानेजवळ कातडीखाली घालतात. तिच्यात बॅटरी नसते! मग ती चालते कशी? वाचकयंत्राच्या वेटोळ्यातून सेकंदाला सुमारे १,३४,००० वेळा आवर्तने घेणारा प्रवाह वाहतो. त्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे चिपमधल्या छोट्या वेटोळ्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो. फॅरडेने १८३१ मध्ये शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. तेवढ्या शक्तीवर चिप आपला १५ अंकी क्रमांक कळवते आणि पुन्हा गप्प होते. हरवलेला कुत्रा कोठे आहे, हे मात्र ती सांगू शकत नाही. सापडलेला कुत्रा कोणाचा, हे शोधायला तिचा उपयोग होतो, आणि तोही क्रमांक मालकाच्या नावाने नोंदवला असेल तरच.

आता एक गृहपाठ. पिलाच्या विक्रीचा करार वर्गात लिहून पाहा. विकणाऱ्याचा नोंदणी क्रमांक, पिलाची जन्मतारीख, आईबापांची माहिती, चिपचा क्रमांक, दिलेल्या लशी, पशुवैद्याचा दाखला आणि किंमत या गोष्टी त्यात हव्यात. पिलू आजारी निघाले तर खर्च कोणाचा, आणि सांभाळणे जमले नाही तर ते परत कोण घेणार, हेही लिहा. शेवटच्या प्रश्नावर वर्गात वाद होईल. तो अवश्य होऊ द्या. मूर्तीचे विसर्जन काही दिवसांत होते, पण कुत्रे दहा-बारा वर्षे जगते. तेवढ्या काळासाठी हा करार पुरला पाहिजे.