पाळीचे दुखणे : सोसायचे किती?

“बाईच्या जन्माला आलीस, एवढे सोसावे लागणारच.” पोटाशी पाय घेऊन निजलेल्या नातीला घरातील वडीलधारी स्त्री असे सांगते, तेव्हा त्यात निष्ठुरपणा नसतो. तिलाही तिच्या आजीने हेच सांगितलेले असते. ‘कावळा शिवला’ म्हणून कोपऱ्यात बसण्याच्या त्या दिवसांत निदान विसावा तरी मिळे, असे काही जणी आजही म्हणतात; परंतु दुखते किती, हे त्या कोपऱ्यात कोणी विचारीत नसे. आता ते विचारण्याचे काम आजी-आजोबांकडे आले आहे, कारण आईवडील कामावर असताना शाळेतून अर्ध्या दिवसात परतलेल्या मुलीजवळ पुष्कळ घरांत तेच असतात.

पाळीचे चक्र मोजायचे ते रक्तस्रावाच्या पहिल्या दिवसापासून पुढील पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. प्रौढ स्त्रीत ते साधारण २१ ते ३५ दिवसांचे असते. पाळी नुकती सुरू झालेल्या मुलीत ते ४५ दिवसांपर्यंत लांबले तरी घाबरण्याचे कारण नाही. चक्राच्या पूर्वार्धात गर्भाशयाचे अस्तर जाड होते. पुढील पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी बीजांडकोशातून स्त्रीबीज बाहेर पडते. गर्भधारणा न झाल्यास प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची पातळी उतरते आणि अस्तर गळून पडते.

वेदनेचे मूळ या गळण्यात आहे. अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये स्रवतात. (हे नाव प्रोस्टेट ग्रंथीवरून पडले, कारण ही द्रव्ये प्रथम वीर्यात आढळली आणि ती त्या ग्रंथीतून येतात असा समज झाला. आजोबांच्या त्या ग्रंथीचा नातीच्या पोटदुखीशी असलेला संबंध एवढ्या नावापुरताच.) त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू आवळला जातो, त्याचा रक्तपुरवठा घटतो आणि ओटीपोटात कळ उठते. आतड्यांवरही त्यांचा परिणाम होत असल्याने मळमळ आणि जुलाब होतात, आणि ‘बाहेरचे काहीतरी खाल्ले असेल’ असा ठपका मुलीवर उगाच येतो. आरंभीच्या बऱ्याच पाळ्या स्त्रीबीज न सुटताच येतात व फारशा दुखत नाहीत. म्हणून वर्षभर कधी कुरकुर न केलेली मुलगी पुढे कळवळू लागली, तर ते सोंग नव्हे.

पहिल्या एक-दोन दिवसांत येऊन ओसरणारी कळ गरम पाण्याच्या पिशवीने आणि हलक्या चालण्याने बरीच सुसह्य होते. मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन ही औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच रोखतात. त्यामुळे दुखणे असह्य होईपर्यंत न थांबता, पाळी सुरू होताच, जेवणानंतर व डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत ती घेतल्यास चांगला गुण येतो. दमा, जठरातील व्रण वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. आजोबांच्या डब्यातील गुडघेदुखीची गोळी मात्र तिला कदापि देऊ नये.

परंतु गोळी घेऊनही शाळा बुडते, दुखणे महिन्यागणिक वाढते, पाळी नसतानाही ओटीपोट दुखते, शौचाच्या वेळी कळा येतात, दर तासा-दोन तासाला पॅड बदलावा लागतो किंवा रक्तस्राव सात दिवसांपलीकडे जातो, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये. एंडोमेट्रिओसिस या विकारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रिया व मुलींना तो असतो, आणि अनेकींचे निदान होण्यात वर्षे निघून जातात. आपल्याकडे ती वर्षे ‘लग्न झाले, एक मूल झाले की थांबेल’ या आश्वासनावर काढली जातात. बाळंतपणानंतर अनेकींच्या साध्या कळा कमी होतात हे खरे. पण चौदा वर्षांच्या मुलीला सांगण्याजोगा तो उपचार नव्हे.

तपासणीच्या धास्तीने पुष्कळ कुटुंबे टाळाटाळ करतात. किशोरवयीन मुलीच्या बाबतीत डॉक्टर बहुधा प्रश्न विचारतात, पोट तपासतात आणि गरज भासल्यास मूत्राशय भरलेले असताना पोटावरून सोनोग्राफी करतात. आतून तपासणी सहसा लागत नाही. सोनोग्राफीत काही आढळले नाही म्हणून दुखणे खोटे ठरत नाही, कारण एंडोमेट्रिओसिस तीत न दिसण्याची शक्यता असते. त्यामुळे दोन-तीन महिन्यांची नोंद सोबत असलेली बरी : पाळीची तारीख, दुखण्याला दहापैकी किती गुण, घेतलेली गोळी, बुडालेली शाळा. मुलीची हरकत नसेल तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, नाहीतर तिच्या वहीत. आणि दवाखान्यात दुखण्याचे वर्णन तिलाच करू द्यावे. तिला संकोच वाटत असेल तर आजोबांनी बाहेरच्या बाकावर बसावे.