कॉम्प्युटर दुकानात नेण्याआधी एवढं वाचा

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कॉम्प्युटर रिपेअरिंगचं काम हंगामावर चालतं. खामगाव, चिखली, मेहकर, कुठंही जा. जून-जुलैत ॲडमिशन, दाखले आणि पीक विम्याची गर्दी झाली की सेवा केंद्रांचे पीसी-प्रिंटर दुकानात येऊ लागतात. नेहमीच्या तक्रारी अशा :

🔹 तारीख-वेळ मागे जाते : मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल उतरला. ३ व्होल्टचा हा सेल स्वस्तात मिळतो.

🔹 उन्हाळ्यात मशीन आपोआप बंद : पंख्यात धूळ, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळलेली.

🔹 बीप वाजतो, स्क्रीन काळी : बऱ्याचदा रॅम काढून, पुसून बसवली की काम होतं.

🔹 फार स्लो : नवा पीसी घेण्याआधी हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकून बघा.

🔹 विजा कडाडताना : प्लगसोबत इंटरनेटची वायरही काढा. लॅन पोर्ट त्या वायरीतूनही जळतो.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ऑफिसचं काम करणाऱ्यांनी हे विसरू नये.

दुरुस्तीला देण्याआधी बॅकअप घ्या, बदललेला जुना पार्ट मागून घ्या आणि नव्या पार्टचं पक्कं बिल जपून ठेवा. वॉरंटी त्यावरच मिळते!