एकट्याचा वाद्यवृंद आणि अनेकांची तबकडी

लग्नाचा बँड आपण सर्वांनीच ऐकला आहे. वाजवणारे पंधरा-वीस जण असतात, त्यांचा एक मालक असतो, आणि सुपारी घेतल्याशिवाय बँड जागचा हलत नाही. आता समजा, त्या पंधरा जणांचे काम एकाच माणसाने करावयाचे ठरविले तर? ड्रम त्यानेच वाजवायचा, गिटार त्यानेच, पेटी त्यानेच, आणि गायचेही त्यानेच. शिवाय खिशात पैसा नाही, ओळखीचा कोणी कंपनीवाला नाही. असा माणूस लोकांच्या कानापर्यंत पोहोचणार कसा? इंग्लंडमधील काही एकांड्या कलावंतांनी या प्रश्नाचे उत्तर शोधले, आणि ते उत्तर आमच्या वाचकांना उपयोगी वाटेल म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम या संगीताविषयी दोन शब्द. साठच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये रॉक संगीताची एक नवी शाखा फुटली. तिला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. तीन मिनिटांचे नाचाचे गाणे या मंडळींना पुरेना. त्यांनी पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, जॅझ आणि लोकगीते यांची सांगड घालून दहा-दहा, वीस-वीस मिनिटांच्या रचना केल्या. ऐकणाऱ्याने बसून, लक्ष देऊन ऐकावे असे हे संगीत. साहजिकच त्याला वाद्ये पुष्कळ लागत, स्टुडिओ महाग लागे आणि वेळही फार लागे. म्हणजे ज्याच्याकडे काही नाही, त्याने या वाटेला जाऊच नये अशी व्यवस्था होती.

स्वस्त तबकडीचा हिशेब

आम्ही कारकुनी करणारी माणसे. हिशेब मांडल्याशिवाय आमचा कशावर विश्वास बसत नाही. तेव्हा हिशेबापासूनच सुरुवात करू.

1968 साली सीबीएस कंपनीने इंग्लंडमध्ये 'द रॉक मशीन टर्न्स यू ऑन' या नावाची एक तबकडी काढली. तिच्यात एका कलावंताची दहा गाणी नव्हती. निरनिराळ्या कलावंतांचे एकेक गाणे होते. बॉब डिलन, लिओनर्ड कोहेन यांच्याबरोबर फारसे कोणाला ठाऊक नसलेलेही त्यात होते. किंमत होती 14 शिलिंग 11 पेन्स. तेव्हा 20 शिलिंगांचा एक पौंड होई. म्हणजे ही तबकडी एका पौंडाच्या आत, नेहमीच्या तबकडीच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळे. ती इतकी खपली की इतर कंपन्यांनीही तोच कित्ता गिरविला.

यात कंपनीचा धर्मादाय नव्हता. गिऱ्हाइकाने स्वस्तात दहा-बारा जणांची चव घ्यावी आणि आवडलेल्याची पुऱ्या किमतीची तबकडी विकत घ्यावी, हा सरळ व्यापार होता. किराणा दुकानदार तांदूळ विकण्यापूर्वी मूठभर हातावर देतो, तसाच हा प्रकार. परंतु या व्यापारातून एक गोष्ट सिद्ध झाली. मोठ्या नावाच्या शेजारी लहान नाव छापले गेले, तर मोठ्याच्या गिऱ्हाइकाच्या कानावर लहानाचेही गाणे पडते. हे सूत्र पुढे कंपनीबाहेरच्या माणसांनी उचलले.

पुठ्ठ्याचा तुकडा

त्याआधी एका मुलाची हकिगत सांगितली पाहिजे. माइक ओल्डफील्ड याचा जन्म 1953 सालचा, रेडिंग या गावचा. 1971 मध्ये लंडनच्या टॉटनहॅम भागातल्या एका बिऱ्हाडात तो राहत होता. केव्हिन एअर्स या गायकाकडून त्याने एक टेपरेकॉर्डर उसना आणला होता. टेपरेकॉर्डरमध्ये नवे ध्वनिमुद्रण करताना जुने पुसून टाकणारा एक भाग असतो. ओल्डफील्डने त्या भागावर पुठ्ठ्याचा तुकडा बसविला. त्यामुळे जुना आवाज पुसला जाईना, आणि त्याच्यावर दुसऱ्या वाद्याचा थर चढविता येऊ लागला. असे थरावर थर चढवीत त्याने एकट्याने अख्ख्या वाद्यवृंदाचा नमुना तयार केला.

ती टेप घेऊन तो अनेक कंपन्यांची दारे ठोठावून आला. ज्यात धड गाणे नाही असले लांबलचक संगीत कोण घेणार, असाच सर्वांचा सूर होता. शेवटी ऑक्सफर्डशायरमधील 'मॅनर' या स्टुडिओतील टॉम न्यूमन आणि सायमन हेवर्थ या तंत्रज्ञांना ती टेप आवडली, आणि नोव्हेंबर 1972 मध्ये त्याला स्टुडिओचा एक आठवडा मिळाला. त्या आठवड्यात पहिली बाजू झाली. दुसरी बाजू पुढील काही महिन्यांत, स्टुडिओ रिकामा मिळेल तशी झाली. 25 मे 1973 रोजी 'ट्यूब्युलर बेल्स' प्रसिद्ध झाली. व्हर्जिन कंपनीची ती पहिलीच तबकडी. बहुतेक सर्व वाद्ये वीस वर्षांच्या या एकाच मुलाने वाजविली होती. पुढे तिच्या लाखो प्रती खपल्या.

ही कथा ऐकून आनंद होतो. पण आम्हांला तिच्यात एक उणीव दिसते. अशी टेप घेऊन दारोदार फिरणारे आणखी शेकडो असतील. त्यांना न्यूमन-हेवर्थ भेटले नाहीत. त्यांचे काय?

एकेकट्यांचा मेळा

याचे उत्तर दुसऱ्या एका गिटारवादकाने दिले. फ्रेड फ्रिथ हा 1968 साली केंब्रिज विद्यापीठात सुरू झालेल्या 'हेन्री काउ' या वाद्यवृंदाचा संस्थापक. जुलै 1974 मध्ये चार दिवसांत त्याने केवळ गिटारची एक तबकडी ध्वनिमुद्रित केली. साथीला कोणी नाही. गिटारवर एक जादा पिकअप बसवून एकाच तारेचे दोन्ही बाजूंचे आवाज त्याने पकडले. 'गिटार सोलोज' हे तिचे नाव. टीकाकारांनी ती वाखाणली.

आता दुसरी तबकडीही त्याने एकट्याचीच काढली असती, तर कोणी नावे ठेवली नसती. परंतु 1976 च्या 'गिटार सोलोज 2' मध्ये त्याने स्वतःबरोबर आणखी तिघांना जागा दिली: डेरेक बेली, जी. एफ. फिट्झजेराल्ड आणि जर्मनीचा हान्स राइशेल. 1979 च्या तिसऱ्या भागात तर इंग्लंड, जर्मनी, अमेरिका आणि जपान येथील एकांडे गिटारवाले एकत्र आले. यांतील प्रत्येक जण एकटा वाजवणारा, रूढ चालीबाहेरचा, बाजारात न चालणारा. फ्रिथने आपल्या नावाची पाटी त्यांच्यासाठी खुली केली.

1980 साली मॉर्गन फिशर याने तर कमाल केली. मोठ्या वाद्यवृंदात वाजविण्याचा अनुभव घेतलेल्या या माणसाने 'मिनिएचर्स' ही तबकडी काढली. प्रत्येकाला मिनिटाच्या आसपास वेळ. एका तबकडीत 51 कलाकृती. रॉबर्ट फ्रिप, रॉबर्ट वायट यांच्यासारखे नामवंत आणि कोणालाही ठाऊक नसलेले एकाच पंगतीला. फ्रिथने 'हेन्री काउ'चे सगळे काम एका मिनिटात कोंबले, तर अमेरिकेचे ज्येष्ठ लोकगायक पीट सीगर यांनी बीथोव्हेनची धून बँजोवर वाजविली. नामवंताला दहा मिनिटे आणि नवख्याला अर्धे मिनिट, असा भेद नव्हता. ही गोष्ट आम्हांला विशेष भावली.

सीडीवरचे तीन मिनिटे

आता सर्वांत बोलके उदाहरण. स्टीव्हन विल्सन याचा जन्म 1967 चा. लंडनजवळच्या हेमेल हेम्पस्टेड गावी तो वाढला. अकरा वर्षांचा असताना घराच्या माळ्यावर पडलेली एक गिटार त्याच्या हाती लागली. वडील इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंता. त्यांनी मुलाला अनेक थरांचे ध्वनिमुद्रण करणारे यंत्र स्वतः बनवून दिले. 1987 च्या सुमारास त्याने 'पॉर्क्युपाइन ट्री' नावाच्या वाद्यवृंदाची गंमत म्हणून कल्पना रचली. त्यातील वादकांची नावे खोटी, इतिहास खोटा. सारे संगीत मात्र त्याने घरच्या खोलीत बसून केलेले. 1989 मध्ये त्याने घरगुती कॅसेट तयार केली. ती हस्ते परहस्ते एका लहानशा मासिकाचे संपादक रिचर्ड ॲलन यांच्यापर्यंत पोहोचली.

ॲलन आणि त्यांचे सहकारी आयव्हर ट्रूमन यांनी 1991 मध्ये 'डेलिरियम' ही छोटी प्रकाशन संस्था काढली. तिचे पहिलेच प्रकाशन म्हणजे 'अ सायकेडेलिक सॉना इन फोर पार्ट्स' हे संकलन. त्यात विल्सनचे तीन मिनिटांच्या आसपासचे एक गाणे घेतले. 1992 साली त्याची स्वतंत्र तबकडी निघाली, अवघ्या 1000 प्रतींची. त्या हातोहात संपल्या. मागणी आली तेव्हा खोटा वाद्यवृंद खरा करणे भाग पडले, आणि डिसेंबर 1993 मध्ये चौघेजण मंचावर उभे राहिले. हाच वाद्यवृंद 2009 च्या डिसेंबरात आपल्या पवईला, आयआयटीच्या 'मूड इंडिगो' महोत्सवात वाजवून गेला. 2022 मध्ये त्यांची नवी तबकडी इंग्लंडच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होती. या साऱ्याची सुरुवात संकलनातील तीन मिनिटांपासून झाली.

जमा आणि खर्च

आता जमाखर्च प्रामाणिकपणे मांडू. जमेच्या बाजूला: छपाई, वेष्टण आणि टपाल यांचा खर्च दहा-बारा जणांत वाटला जातो, एकाचा श्रोता बाकीच्यांना आयता मिळतो, कोणाची गुलामी पत्करावी लागत नाही. खर्चाच्या बाजूला: पैसा जवळजवळ काहीच सुटत नाही. जागाही अपुरी. एका सीडीवर 74 मिनिटे मावतात. बारा जण घेतले तर प्रत्येकाला सहा मिनिटे. ज्याची रचनाच अर्ध्या तासाची आहे, त्याने काय करावे? विल्सनने 1992 मध्येच तीस मिनिटांची एक रचना स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली; ती कोणत्याही संकलनात मावली नसती. आणि संकलनात आलेल्या सर्वांचेच नाव होते असेही नाही. बहुतेकांचे नाव त्या एका ओळीपुरतेच राहते.

आणखी एक नोंद आमच्या महिला वाचकांसाठी. 'गिटार सोलोज 2' मधील चारही जण पुरुष आहेत. एकट्याने संगीत करावयाचे म्हणजे स्वतःची खोली हवी, संध्याकाळ मोकळी हवी, आणि कोणी हाक मारून उठविता कामा नये. हे घरोघरी मुलांना मिळते, मुलींना मिळत नाही. इंग्लंडचीच केट बुश हिने 1983 साली आईवडिलांच्या घरामागील कोठारात स्वतःचा स्टुडिओ उभारला. 1985 मध्ये तिची 'हाउंड्स ऑफ लव्ह' आली, तिची एक पूर्ण बाजू म्हणजे सलग गुंफलेली रचना आहे. जागा आणि वेळ मिळाल्यावर मुलगी काय करू शकते, याला याहून वेगळा पुरावा नको.

आज मोबाइलवरही थरावर थर चढविता येतात; पुठ्ठ्याचा तुकडा लागत नाही. यंत्र स्वस्त झाले. लोकांच्या कानापर्यंत पोहोचणे मात्र आजही तितकेच अवघड आहे, कारण बोलणारे लाख आणि ऐकणारा गोंधळलेला. अशा वेळी फ्रिथने केले तेच करणे आमच्या मते शहाणपणाचे आहे. ज्याचे थोडे नाव झाले आहे त्याने आपल्या पाटीवर आणखी तिघांना जागा द्यावी.

आणि आईवडिलांनी? प्रत्येकाला यंत्र बनवून देता येणार नाही. पण मुलगा किंवा मुलगी कोपऱ्यात बसून काही वाजवीत असेल, तर निदान घटकाभर टीव्हीचा आवाज कमी करावा. पहिला श्रोता घरातच मिळाला, तर पुढची वाट सोपी जाते.