चालता चालता महाभारत

वजन कमी करण्याचा संकल्प करणारे लोक व्यायाम कसा करावा हे न कळल्यामुळे अपयशी ठरतात, असे क्वचितच घडते. चालावे, जिने चढावे, सायकल चालवावी, हे सर्वांनाच ठाऊक असते. खरी अडचण असते ती दहाव्या दिवशी आणि विशेषतः चाळिसाव्या दिवशी पुन्हा उठून तेच करण्याची. व्यायामाचे कष्ट आज सोसावे लागतात आणि त्यांचे फळ काही महिन्यांनी मिळते. उलट, आरामात पडून दूरचित्रवाणी पाहण्याचे सुख तत्काळ मिळते. त्याची किंमत पुढे केव्हातरी चुकवावी लागते. म्हणूनच दूरचित्रवाणी ही व्यायामाची शत्रू मानली जाते. परंतु या शत्रूलाच व्यायामाच्या कामी जुंपता येईल का, याचा विचार संशोधकांनी गेल्या काही दशकांत गांभीर्याने केला आहे. एखादी आवडती जुनी मालिका केवळ व्यायाम करतानाच पाहायची, एरवी मुळीच नाही, हा त्या विचाराचा अगदी घरगुती आविष्कार होय.

भारतीयांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ अंगकाठीच्या सौंदर्याचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहभागाने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत आणि जवळजवळ ४० टक्के प्रौढांमध्ये पोटाचा स्थूलपणा आढळतो. भारतीय शरीरात तेवढ्याच वजनाला चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते व ती पोटाभोवती साठण्याकडे कल असतो. त्यामुळे येथील वैद्यकतज्ज्ञ वजनाची मर्यादाही कडक मानतात. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन सुमारे ५९ किलोंच्या पुढे गेले की ते अधिक समजले जाते, आणि ६४ किलोंपासून स्थूलता मानली जाते. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे सांगितले जाते. घरातील मापपट्टीने पाच मिनिटांत करता येणारी ही तपासणी आहे. मात्र ती टाळण्याकडेच बहुतेकांचा कल असतो.

सुख आणि कर्तव्य यांची गाठ घालण्याच्या कल्पनेची सर्वांत प्रसिद्ध परीक्षा अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात झाली. कॅथरीन मिल्कमन, ज्युलिया मिन्सन आणि केव्हिन व्होल्प यांनी तेथील २२६ व्यक्तींवर हा प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला उत्कंठावर्धक कादंबऱ्यांची ध्वनिमुद्रणे देण्यात आली. पण ज्या यंत्रावर ती ऐकायची ते यंत्र व्यायामशाळेतच कुलूपबंद राहत असे. कथेत पुढे काय झाले हे कळण्यासाठी व्यायामशाळेत जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. दुसऱ्या गटाला तशीच ध्वनिमुद्रणे स्वतःजवळ ठेवण्यासाठी दिली आणि ती व्यायामाच्या वेळीच ऐकावीत, असे सुचविले. तिसऱ्या गटावर असे कोणतेही बंधन नव्हते. सुरुवातीच्या काळात पहिल्या गटाच्या व्यायामशाळेतील फेऱ्या तिसऱ्या गटाहून ५१ टक्क्यांनी, तर दुसऱ्या गटाच्या २९ टक्क्यांनी अधिक भरल्या. पुढे नोव्हेंबरअखेरची सणाची सुट्टी आली आणि नंतर हा लाभ ओसरला. तरीही प्रयोग संपल्यावर असे बंधन पदरचे पैसे देऊन घेण्यास ६१ टक्के सहभागी तयार झाले. माणूस आपल्याच मनाला कुलूप लावण्यासाठी पैसे मोजतो, ही गोष्ट वरवर विचित्र वाटली, तरी स्वभाव ओळखणाऱ्याला ती नवी वाटणार नाही.

त्याआधी, २००१ मध्ये, न्यूयॉर्कमधील एका लहानशा अभ्यासात दूरचित्रवाणीचाच उपयोग करण्यात आला होता. स्थूल मुलांच्या घरी एका जागी स्थिर राहणारी सायकल ठेवली आणि तिचे पायडल फिरत असेल तरच दूरचित्रवाणी संच चालेल, अशी जोडणी केली. मुले केवळ दहाच होती, त्यामुळे या अभ्यासावर फार मोठी इमारत उभी करणे योग्य नव्हे. पण त्यातून दिसले ते मनोरंजक आहे. ज्यांच्या घरी अशी जोडणी होती ती मुले आठवड्याला तासाभराहून थोडा अधिक वेळ सायकल चालवू लागली. त्यांचे दूरचित्रवाणी पाहणे मात्र आठवड्याला दोन तासांच्याही आत आले. उरलेली मुले आठवड्याला सुमारे २१ तास संचासमोर बसत होती. कष्ट करूनच पाहायचे म्हटल्यावर, जे खरोखर पाहण्यासारखे वाटले तेवढेच मुलांनी पाहिले.

भारतात एकेकाळी ही उत्कंठा आपोआप टिकून राहत असे, कारण मालिका कधी पाहायची हे प्रेक्षक ठरवीत नसे, दूरदर्शन ठरवीत असे. ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ सुरू झाली आणि घरोघरी मालिकेची वाट पाहण्याची सवय जडली. २५ जानेवारी १९८७ पासून रामानंद सागर यांचे ‘रामायण’ आणि २ ऑक्टोबर १९८८ पासून बी. आर. चोप्रा यांचे ‘महाभारत’ रविवारी सकाळी दाखविले जाऊ लागले. त्या वेळी रस्ते ओस पडत, हे त्या पिढीतील कोणीही सांगेल. एक भाग पाहिला की पुढच्या भागासाठी सात दिवस थांबणे भाग असे. आज त्याच मालिका भ्रमणध्वनीवर एकापाठोपाठ एक पाहता येतात. २८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीच्या काळात, दूरदर्शनने त्या पुन्हा दाखविल्या, तेव्हाही त्यांचे भाग रोज येत होते. प्रतीक्षा नाहीशी झाली, आणि तिच्याबरोबर प्रतीक्षेचे सामर्थ्यही गेले. ‘व्यायामाविना पुढचा भाग नाही’ हा नियम घालून घेणारा मनुष्य ती गमावलेली प्रतीक्षा स्वतःच्या इच्छेने परत निर्माण करतो. या उपायाचे सारे मर्म या नियमात आहे. नियम सोडून केवळ संचासमोर हातपाय हलविले, तर काही दिवसांत हातपाय थांबतात आणि संच तेवढा चालू राहतो.

जुन्या मालिका या कामाला विशेष सोयीच्या ठरतात. चालताना नजर सतत पडद्यावर खिळवून ठेवता येत नाही, आणि या मालिकांतील पुष्कळशी कथा संवादांतून व निवेदनातून पुढे सरकते. ‘महाभारता’त तर प्रत्यक्ष काळच सूत्रधार आहे. हरीश भिमाणी यांच्या आवाजातील ते निवेदन आणि राही मासूम रझा यांचे संवाद डोळे मिटूनही समजतात. आता, द्यूतसभेत काय होते हे ठाऊक नसलेला प्रेक्षक भारतात शोधूनही सापडणार नाही. मग उत्कंठा कसली, असा प्रश्न कोणी विचारील. पण परिचित कथेतही पुढचा प्रसंग कसा रंगविला आहे हे पाहण्याची ओढ असतेच. कीर्तनाला जाणारा श्रोता हेच तर करीत आला आहे. ज्यांना हे पुरेसे वाटत नाही त्यांनी पूर्वी न पाहिलेली मालिका निवडणे बरे. भागाची लांबीही विचारात घ्यावी. ‘महाभारता’चा भाग साधारण पाऊण तासाचा आहे. नवशिक्याला तो जड वाटला, तर शंकर नाग यांनी १९८६ मध्ये आर. के. नारायण यांच्या कथांवरून केलेली ‘मालगुडी डेज’ ही मालिका आरंभासाठी उत्तम. तिचा भाग वीस-बावीस मिनिटांत संपतो. फक्त तिच्यातील बहुतेक कथा त्या त्या भागातच पूर्ण होतात, त्यामुळे उद्याची ओढ किंचित कमी राहते.

आता वजनाचा हिशेब, आणि येथे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार, बसून दूरचित्रवाणी पाहताना तासाला सुमारे ८० उष्मांक खर्च होतात. जागच्या जागी सतत पावले टाकली, तर सुमारे २६० उष्मांक खर्च होतात. केवळ जाहिरातींच्या वेळी उठून पावले टाकली तरी तासाला सुमारे १५० उष्मांकांचा खर्च होऊन दोन हजारांवर पावले पडली. म्हणजे बसण्याऐवजी पाऊण तास पावले टाकल्यास सुमारे १३५ उष्मांक अधिक खर्ची पडतात. ‘महाभारता’चे ९४ भाग अशा रीतीने पाहिले, तर एकूण साडेबारा हजारांहून थोडे अधिक उष्मांक होतात. एक किलो चरबीत साधारणतः ७,७०० उष्मांक साठलेले असतात. तेव्हा कुरुक्षेत्राचे युद्ध संपेपर्यंत कागदावर दीड ते पावणेदोन किलो चरबी घटेल. वजनदार व्यक्तीच्या बाबतीत थोडी अधिक. हा आकडा पाहून काहींची निराशा होईल. एका वडापावातून साधारण २५० ते ३०० उष्मांक मिळतात, म्हणजे तो खाल्ला की दोन भागांची पायपीट फिटली. पडद्यासमोर बसून खाण्याची सवय असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे, कारण चित्त कथेत गुंतले असता हात किती वेळा ताटलीत गेला याचे भान राहत नाही. आहारात बदल केल्याखेरीज मालिकेच्या बळावर मोठे वजन उतरत नाही.

मग हा खटाटोप कशासाठी? कारण वजनकाटा जे दाखवीत नाही ते शरीरात घडत असते. नियमित हालचालीने पोटातील अवयवांभोवतीची घातक चरबी कमी होऊ लागते, आणि वजन फारसे न बदलताही कंबर सैल झाल्याचे जाणवते. दीर्घकाळ बसणे मध्ये मध्ये खंडित केले, तर जेवणानंतर वाढणारी रक्तातील साखरही आटोक्यात राहते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. आठवड्यातून पाच भाग पाहिले की २२५ मिनिटे होतात. या गतीने ९४ भागांना जवळजवळ एकोणीस आठवडे लागतात, आणि या दीर्घ मुदतीचेच महत्त्व अधिक आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांना २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की नवी कृती अंगवळणी पडण्यास साधारणतः ६६ दिवस लागतात. कोणाला १८ पुरतात, तर कोणाला अडीचशेही कमी पडतात. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही त्यांना दिसले.

व्यवहारात थोडी सावधगिरी हवी. कथा रंगात आली की पावले आपोआप मंदावतात. म्हणून व्यायाम करताना बोलता यावे पण गाता येऊ नये, ही वेगाची जुनी खूण अधूनमधून तपासून पाहावी. पहिली काही मिनिटे संथ गतीने चालून शरीर तापवावे. त्यासाठी शीर्षकगीताचा काळ सोयीचा असतो. फिरत्या पट्ट्याच्या यंत्रावर पडद्याकडे टक लावून चालणे धोक्याचे असते, त्यापेक्षा स्थिर सायकल किंवा जागच्या जागी चालणे बरे. वृद्धांनी खुर्चीची पाठ हाताशी ठेवावी. वजने उचलण्याचे व्यायाम मात्र पडदा बंद करूनच करावेत, कारण तेथे लक्ष शरीराच्या ठेवणीवर असावे लागते. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा गुडघ्यांचे दुखणे असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

कुटुंबात हा नियम पाळणे एकट्याने पाळण्यापेक्षा कठीण असते. बाकीची मंडळी रात्री जेवताना पुढचा भाग पाहत असतील, तर सकाळी चालणाऱ्याची उत्कंठा कशी टिकणार? अशा वेळी मालिका सर्वांची न ठेवता एकट्याची निवडावी, अथवा साऱ्या घराने एकाच वेळी उभे राहून चालावे. दुसरा धोका मालिका संपल्यावर येतो. पेनसिल्व्हेनियातील प्रयोगात सुट्टीने जे केले तेच येथे शेवटचा भाग करू शकतो. म्हणून पहिली मालिका संपण्यापूर्वीच दुसरी निवडून ठेवावी. श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’चे ५३ भाग आहेत, आठवड्याला पाच या हिशेबाने ते पुढचे जवळजवळ अकरा आठवडे पुरतात.