कोयता खाली ठेवल्यावर शरीराचे काय होते?

मार्च-एप्रिलमध्ये कारखान्यांचा गाळप हंगाम संपतो आणि पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतल्या वस्त्यांमधली कुलपे उघडतात. पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडून माणसे घरी येतात. पहाटे फडात उतरणे, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावर घेऊन गाडी भरणे हे सगळे एका दिवसात थांबते. काहींचे तर कायमचे थांबते. कुणी वयामुळे कोयता सोडतो, कुणी शहरात रिक्षा चालवतो, कुणाची मुले शिकून कार्यालयात बसतात. ही प्रगतीच आहे. पण तिच्याबरोबर शरीराची हालचाल घटते, ताटातली भाकरी मात्र तेवढीच राहते.

"आयुष्यभर ऊस तोडला, मला कशाची शुगर होतेय?" असे अनेक जण म्हणतात. हा गैरसमज महागात पडतो. स्नायू काम करतात तेव्हा रक्तातली साखर ओढून घेतात आणि त्यानंतर साधारण एक-दोन दिवस इन्सुलिन अधिक चांगले काम करते. मग हा परिणाम ओसरतो. मागच्या कष्टांची शिल्लक शरीर बँकेसारखी जमा ठेवत नाही.

1966 मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले होते. तेवढ्यात त्यांच्या हृदयाची कार्यक्षमता झपाट्याने खालावली. 30 वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा दिसले की तीन आठवड्यांच्या अंथरुणाने जेवढी हानी केली होती, तेवढी 30 वर्षांच्या वयानेही केली नव्हती! मग पन्नाशीतल्या याच माणसांनी सहा महिने हळूहळू वाढवत व्यायाम केला आणि त्यांची क्षमता विसाव्या वर्षी, झोपवण्यापूर्वी होती तिथे परत आली. म्हणजे गमावलेले परत मिळवता येते, पन्नाशीतही.

मग ऊसतोड हाच चांगला व्यायाम म्हणायचा का? नाही. व्यायामाला विश्रांती लागते, पोटभर सकस अन्न लागते आणि थांबण्याचे स्वातंत्र्य लागते. उचल फेडण्यासाठी, मुकादमाच्या घाईत, आजारपणातही करावे लागणारे काम शरीराला झिजवते. कष्टातून सुटका हवीच. फक्त हालचाल सुटू देऊ नका.

किती हालचाल पुरे? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस, रोज 30 मिनिटे झपझप चालणे. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, एवढा वेग ठेवा. शिवाय आठवड्यातून दोन दिवस उठाबशा किंवा वजन उचलण्यासारखे स्नायूंचे व्यायाम करा. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड नको. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चाललात तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. उन्हाळ्यात ऊन चढण्याआधी चाला. वस्तीतल्या भगिनींनी चार-पाच जणींचा गट केला तर संकोचही राहत नाही. विहाराच्या आवारातले चंक्रमण तर आपल्या परंपरेतलेच आहे.

नियमित व्यायामाने उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा साधारण 5 ते 8 अंकांनी उतरू शकतो, रक्तातील ट्रायग्लिसराइड नावाची चरबी घटते, कंबर कमी होते. वजन फारसे उतरले नाही तरी यातला बराच लाभ मिळतो. आपल्याकडे अंगाने बारीक माणसाच्याही पोटात चरबी साठते, म्हणून वजनकाट्यापेक्षा टेपवर भरवसा ठेवा: पुरुषांची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची 80 च्या आत हवी.

तिशीपुढच्या प्रत्येकाने गावाला परतताच जवळच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. ही तपासणी मोफत आहे. उपाशीपोटी साखर 100 च्या आत असावी. 126 किंवा त्याहून जास्त आली, किंवा रक्तदाब 140/90 च्या वर गेला, तर पुन्हा तपासून डॉक्टरांना भेटा. चालताना छातीत दुखले, दम लागला, चक्कर आली तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा, औषध मनाने बंद करू नका.

आकडे वहीत लिहून ठेवा. तीन महिने चाला, पुन्हा तपासा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा.